मधली काच

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे माझी भाची कोल्हापुरात पंचगंगा घाटावर फोटो काढायला गेली. परत येऊन चहा व्हायच्या आत तिनं एक फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. घाटाच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा, कडेनं रांगोळ्या, पाण्यात हलणारे दिवे आणि वर उजाडायला अजून अवकाश असलेलं काळंशार आभाळ. त्या आभाळातही दिवे होते. बारीक, फिकट हिरवट, एका ओळीत लागलेले. खाली डाव्या कोपऱ्यातली पणत्यांची रांग वर उजव्या कोपऱ्यात जशीच्या तशी उमटली होती, आणि फोटो मोठा करून पाहिला तर वरच्या ज्योतींची तोंडं खाली होती. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. "देवच उतरले की गं घाटावर," काकूंनी लिहिलं. मला तो फोटो आवडला आणि खटकलाही. तेवढ्यात भाचीचा वेगळा फोन आला, दबक्या आवाजात. "आत्या, लेन्स खराब लागली वाटतं. पप्पांना अजून सांगितलं नाही. उसाच्या बिलातनं घेऊन दिलीय त्यांनी, आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी विचारलं, "पुढं काच लावलीयस काय?" म्हणाली, "हो, यूव्ही. लेन्स घेतानाच दुकानात बसवून दिली. काढायची नाही म्हणालेत." "कोण म्हणालं?" "दुकानवाले पण, आणि पप्पा तर रोजच म्हणतात." मी म्हटलं, "ती काढ, आणि देवघरातल्या समईचा एक फोटो काच लावून आणि एक काच न लावता घे. खोलीतला दिवा बंद करून." दुपारी दोन्ही फोटो आले. पहिल्यात समई आणि वरच्या अंधारात तिची उलटी हिरवट सावली. दुसऱ्यात नुसती समई. खाली तिनं लिहिलं होतं, "म्हणजे लेन्स चांगली आहे ना?"

तो शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

यात चमत्कार नाही आणि लेन्सचा दोषही नाही. पणतीचा उजेड लेन्समधून आत जाऊन चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. सेन्सर चकचकीत असतो, म्हणून त्यातला थोडा उजेड मागं फिरतो आणि आल्या वाटेनं लेन्समधून बाहेर पडायला निघतो. पुढं काही नसेल तर तो निघून जातो. पण पुढं यूव्ही फिल्टरसारखी सपाट काच असेल तर ती त्यातला काही भाग परत आत पाठवते, आणि तो सेन्सरवर पडतो तेव्हा मूळ जागी पडत नाही, चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे पडतो. म्हणून खालचं वर, डावं उजवीकडे. लेन्सच्या स्वतःच्या बहुतेक काचा गोलाईच्या असतात, त्यांच्यावरून परतलेला उजेड बहुधा पसरून विरून जातो. फिल्टर सपाट, म्हणून त्याच्यावरून परतलेली पणती ज्योतीसकट ओळखू येते. काचेवर लेप नसेल तर तिची प्रत्येक बाजू साधारण ४ टक्के उजेड परतवते, दोन्ही बाजूंचे मिळून ८. दिवसाउजेडी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काळ्या आभाळापुढं पणती पेटली की तेवढ्यातलं थोडंसुद्धा दिसतं. चांगल्या फिल्टरला लेपाचे अनेक थर असतात आणि मग एका बाजूचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येऊ शकतं. तरी पूर्ण शून्य होत नाही.

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, यातलं सेन्सर-बिन्सर काही माहीत नव्हतं. शुक्रवार पेठेत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. बाहेरच्या खोलीत पडदा आणि दोन मोठे दिवे, आतल्या खोलीत तांबडा बल्ब, फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा नाकाला झोंबणारा वास आणि दोरीवर चिमट्यांना लावलेले ओले फोटो. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, ओळखपत्रांचे फोटो यांवर आमचं घर चालायचं. त्यांच्याकडं एक अ‍ॅल्युमिनियमची गोल डबी होती. तिच्यात फिल्टर असायचे, प्रत्येक जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला. एक पिवळा, एक नारिंगी, एक अगदी पुसट गुलाबी. त्या गुलाबीला ते स्कायलाइट म्हणायचे आणि दिवसाउजेडी बाहेर काम असलं की तोच लावायचे. लहानपणी आम्हा भावंडांना ती डबी उघडायला मिळणं म्हणजे बक्षीस होतं. पिवळी काच डोळ्याला लावून मी गल्ली बघायची. धुणं, म्हशी, सायकली सगळं ऐन दुपारचं होऊन जायचं. आणि काचेला बोट लागलं की आप्पांचा आवाज चढायचा. एरवी त्यांचा आवाज चढलेला मी फारसा ऐकला नाही.

रात्रीच्या वरातीला मात्र ते वेगळं करायचे. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिल्टर फिरवून काढायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मी त्यांची बॅग धरून शेजारी उभी असायची. एकदा विचारलं तर एवढंच म्हणाले, "रात्रीची काढायची. दिवे डबल येत्यात." रोल ३६ फोटोंचा असायचा, त्यातला प्रत्येक फोटो पैशाचा, आणि वाया गेलेला फोटो दुसऱ्या दिवशी लग्नघरी जाऊन समजावून सांगायला लागायचा. अशा शाळेत शिकलेलं माणूस विसरत नाही. भाचीला मी जे फोनवर सांगितलं ते माझं ज्ञान नव्हतंच. आप्पांचंच वाक्य मी थोडं शहरी करून पुढं ढकललं.

पण मग दिवसा ते ती काच आवर्जून का लावायचे, याचा विचार मी बऱ्याच उशिरा, त्यांच्या माघारी केला. तेव्हा कळलं की त्यांच्या काळात ती नुसती झाकण म्हणून नव्हती, तिला काम होतं. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही दिसतो. जांभळ्याच्या पलीकडचा, साधारण ४०० नॅनोमीटरच्या खालचा. मुळात हे अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरण सापडले तेच चांदीच्या क्षारामुळे. १८०१ साली जर्मनीत येना इथं योहान रिटर यांनी लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यावर सिल्व्हर क्लोराइड ठेवून पाहिलं. ते जांभळ्या टोकाच्याही पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथं, सगळ्यांत जास्त काळवंडलं. फोटोग्राफीचा तेव्हा पत्ता नव्हता, पण तिचं द्रव्य काय काय पाहू शकतं हे आधीच उघड झालं होतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. काचेवरून परतणारा उजेड कमी करणारा लेप १९३५ मध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला तो लेन्स बनवणाऱ्या त्साइस कंपनीत, त्याच येना गावात. यूव्ही फिल्टरनं जो उजेड अडवायचा आणि ज्या लेपाशिवाय तो फिल्टर रात्री त्रास देतो, दोन्हींचा उगम एकाच गावातला.

हवेतून येताना आखूड लांबीच्या लहरी जास्त विखुरतात. आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच, आणि अतिनील तर निळ्याहून आखूड. लांबचे डोंगर टिपताना डोंगर आणि कॅमेरा यांच्या मधली सगळी हवा हा विखुरलेला उजेड फिल्मवर आणून टाकायची. रंगीत फिल्मच्या निळ्या थराला तो निळा वाटायचा. जितकं उंच जावं तितका त्रास जास्त. पन्हाळा साधारण ३,००० फुटांवर. तिथं सहलीला गेलेल्या मंडळींचे तबकउद्यानात काढलेले फोटो बिनफिल्टरचे असले की मागचा जोतिबाचा डोंगर निळसर वाफेत बुडालेला यायचा आणि माणसांचे चेहरे थंड पडायचे. आप्पांची पुसट गुलाबी काच तेवढंच काम करायची. अतिनील अडवायची आणि चेहऱ्यावर थोडी ऊब ठेवायची. कृष्णधवल फोटोंना ते पिवळी लावायचे. ती निळ्यालाच आवर घालायची, आभाळ काळवंडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावरचे ढग त्यातून उठून वर यायचे. त्याच्या बदल्यात उजेड जवळपास दुप्पट द्यावा लागायचा. ते हिशेब त्यांच्या बोटांत होते, कागदावर मी कधी पाहिले नाहीत.

खरी कॉर्नरजवळच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला हटकून हेच आठवतं. चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. १९२० च्या सुमाराची ती फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असायची. निळा आणि अतिनील तिला भरपूर दिसायचा, तांबडा दिसायचाच नाही. म्हणजे कपाळावरचं कुंकू काळं, आखाड्याची माती काळी आणि भर दुपारचं निळं आभाळ पांढरंफटक. या गावाचे सगळे रंग नेमके ज्या बाजूचे, त्याच बाजूला न बघणाऱ्या फिल्मवर पेंटरांसारख्या रंगाच्या माणसानं चित्रं उभी केली. आपल्या डोळ्याला काय दिसतं आणि यंत्राला काय दिसतं यांतलं अंतर ओळखून ते सांधायचं, हे काम त्यांनी केलं, आणि आप्पांनी आपल्या छोट्या दुकानात त्याच कामाचा एक बारीकसा तुकडा केला. आता ते अंतर बदललंय.

सेन्सरच्या पुढं कारखान्यातूनच काचेचा एक पापुद्रा येतो, तो अतिनील आणि तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त उजेड अडवतो. शिवाय आताच्या लेन्समध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा काचा, त्यांच्या मधली जोडणी, त्यांच्यावरचे लेप. अतिनील उजेड त्यातच बराचसा संपतो. त्यामुळं डिजिटल कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टरनं फोटो सुधारत नाही. हे मी ठामपणे म्हणते, कारण गावातल्या कित्येक मुलांना पहिली लेन्स घेताना "फोटो क्लिअर येतोय यानं" म्हणून ही काच गळ्यात घातली जाते. हिवाळ्यात पन्हाळ्यावरून कोल्हापूरकडं पाहिलं तर खालच्या उसावर जो थर पसरलेला दिसतो, तो अतिनीलचा नाही. ते नदीकाठचं धुकं आहे, गुऱ्हाळांचा धूर आहे, पेटवलेल्या पाचटाचा धूर आहे. पाण्याच्या बारीक थेंबांवरून सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून तो पांढरा दिसतो आणि यूव्हीला त्यात काही करता येत नाही. फिल्टरवर पैसे घालायचेच असतील तर ते पोलरायझरवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी रंकाळ्यावर जा, पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन करून तिरपं बघा आणि पोलरायझर हळूहळू फिरवा. पाण्यावरची चकाकी उतरते आणि खालचं शेवाळ, पायरीचा दगड वर येतो. संगणकावर नंतर काहीही केलं तरी हे परत आणता येत नाही, कारण चकाकीखाली काय होतं ते चकाकीच्या उजेडातच बुडून गेलेलं असतं.

मग ही काच टाकूनच द्यायची का? कोल्हापुरात राहून मला तसं म्हणवत नाही.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जो उभा राहिला असेल त्याला वेगळं सांगायला नको. "चांगभलं"चा आवाज उठतो, सासनकाठ्या डोलायला लागतात आणि वरच्या गच्च्यांवरून गुलालाची पोती उधळली जातात. क्षणभर समोरचा माणूस दिसत नाही. गुलाल नाकात, कानात, दातांत, आणि पुढचे काही दिवस उशीवरसुद्धा. आप्पा तिथं जायचे तेव्हा कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे, पिशवीला लेन्सपुरतं भोक, भोवती रबर. उघडी राहायची ती फक्त फिल्टरची काच. घामाच्या बोटानं त्या गुलालाला हात लागला की त्याचा चिकट लेप होतो आणि पुसायला जावं तसा तो पसरतो. फिल्टर काढून घरी नळाखाली धरता येतो, साबणाच्या पाण्यानं धुता येतो. लेन्स नळाखाली धरता येत नाही. या काचेच्या बाजूनं एवढा एकच मुद्दा असता तरी मला तो पुरला असता.

खासबागेत कुस्त्यांना पुढं बसलं की तेच. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असतं. पैलवान अंगावर माती टाकतात, एकमेकांच्या पाठीवर थापतात, पट काढताना ती उडते, आणि उडालेली माती कोरड्या धुळीसारखी फुंकून जात नाही, धरून बसते. ती चोळून पुसली की बारीक खडे काचेवर फिरतात. म्हणून आधी रबरी फुग्यानं हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि कापड अगदी शेवटी. गुऱ्हाळावर तर मी कुणालाही उघडी लेन्स नेऊ देणार नाही. काहिलीत रस उकळायला लागला, भेंडीचा रस घालून मळी वर आली, गुळव्या फावड्यानं ढवळायला लागला की काकवीचे बारीक थेंब दोन हातांवर उडतात. गरम थेंब काचेवर बसतो आणि थंड होऊन घट्ट होतो. फोटो घ्यायला मात्र तिथंच वाकायला लागतं, कारण वाफेतून गुळव्याचा चेहरा दिसतो तो तिथूनच.

पडण्या-आपटण्यातून यूव्ही वाचवते, या म्हणण्यावर मात्र माझा तितका विश्वास नाही. फिल्टरची काच पातळ, लेन्सची पुढची काच जाड आणि पक्की. धक्क्यानं आधी फिल्टर फुटतो आणि त्याच्याच कपच्या कधीकधी मागच्या काचेवर ओरखडे काढतात. कडं चेपलं तर ते आट्यांत असं रुतून बसतं की निघता निघत नाही. आप्पा अशा वेळी सायकलच्या ट्यूबची पट्टी कड्याभोवती सगळीकडून सारखी गुंडाळायचे आणि हलक्या हातानं फिरवायचे. दोन बोटांत दाबून जोर लावला की कडं लंबगोल होतं आणि आणखी आवळतं. धक्का झेलायला लेन्सच्या तोंडाला लागणारं हूड बरं. त्यानं बाजूचा उजेडही अडतो आणि चित्रात काही घुसतही नाही. आणि पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरते ती आतून. तिथं पुढच्या काचेचा उपयोग नाही. आमच्याकडं जून लागला की कपाटात झिरोचा बल्ब चोवीस तास जळायचा, आणि सिलिका जेलचे गुलाबी पडलेले खडे आई तव्यावर परतून पुन्हा निळे करायची. स्वयंपाकाचा तवा वेगळा आणि हा तवा वेगळा, याबद्दल ती फार काटेकोर होती.

हे सगळं भाचीला सांगणं सोपं होतं. भावाला सांगणं सोपं नव्हतं, आणि खरं तर सांगायचं होतं त्यालाच.

भाऊ माझ्याहून लहान. गावाकडची शेती तो बघतो. फोटोग्राफीशी त्याचा संबंध लहानपणी आप्पांच्या मागं ट्रायपॉड उचलून चालण्यापुरता. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली तेव्हा स्टुडिओ उघडायला तोच गेला होता. आप्पा तेव्हा नव्हते, दुकान बंदच होतं, सामान मात्र सगळं तिथंच. पाणी ओसरल्यावर शटर वर करायला दोघं लागले, कारण आतून गाळ दाटला होता. निगेटिव्हची पाकिटं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. वेगळी करायला गेलं की वरचा थर सुटून यायचा, आणि कुणाच्या तरी लग्नातले चेहरे बोटाला लागून निघायचे. लेन्स कपाटात होत्या. पुढच्या काचेमागं गढूळ पाणी भरलं होतं, हलवलं की आतल्या आत हलायचं. वाळल्यावर तिथं गाळाची तपकिरी रेघ राहिली. त्या उघडून साफ करणारं कुणी मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी भाऊ म्हणतो तसं, "आक्का, त्यातनं आप्पा बघत नव्हते मग." अ‍ॅल्युमिनियमची डबीही गाळातच सापडली. आतले फिल्टर त्यानं बादलीत धुतले, पुसले. ते सगळे स्वच्छ निघाले. एकच काच, आत काही नाही, पाणी कुठं राहणार? बापाच्या सगळ्या सामानातून तेवढंच शाबूत त्याच्या हाती लागलं.

म्हणून तो पोरीच्या लेन्सवरची काच काढू देत नाही. माणसाला एखादी गोष्ट ज्या दिवशी पटते त्या दिवशी ती कशी पटली हे महत्त्वाचं, आणि त्याला ती गाळात उभं राहून पटली होती. शिवाय लेन्सची किंमत आमच्यासारख्या घरात छोटी नाही. उसाचं बिल कारखान्याकडून हप्त्यानं येतं, त्यातून खताचं, सोसायटीचं, मजुरीचं जातं, आणि उरलेल्यातून त्यानं पोरीच्या हौसेसाठी ते पैसे काढले होते. तिनं समईचे दोन फोटो दाखवले तरी तो म्हणाला, "ते असू दे. काच आहे म्हणून लेन्स आहे. फोटो काय, परत काढता येतोय." त्याचा राग मला आला नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोरगी लेन्स जपण्यात इतकी गुंतली होती की तिच्यातून बघायला भ्यायला लागली होती. घाटावर पाण्याच्या कडेला उतरली नव्हती, उंच पायरीवरूनच फोटो घेतला होता. खासबागेत मागच्या ओळीत बसली होती. आणि चित्रात दोष दिसला तेव्हा संशय तिनं घेतला तो लेन्सवर आणि स्वतःवर. पुढं बसवलेल्या काचेचं नाव तिच्या मनात आलंच नाही, कारण ती काच तर राखण करणारी!

त्याच आठवड्याच्या आसपास गावात अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाची चर्चा होती. आपल्याकडं ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला सगळं गाव संध्याकाळी एकच विचारत असतं. किरणं कुठवर आली? पायाशी, कमरेशी, की मुखावर? मावळतीचा उजेड महाद्वारातून, गरुड मंडपातून आत जातो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माणसं ढग आडवे आले, हवेत धुरकट होतं, वाटेतल्या बांधकामाची कड आडवी आली यावर तावातावानं बोलतात. दुसऱ्या कुठल्या गावात सामान्य माणसं उजेडाच्या वाटेबद्दल इतक्या बारकाईनं बोलत असतील असं मला वाटत नाही. भावाला मी हेच म्हटलं. "तू अंबाबाईच्या वाटेत एक भिंतीची कड चालवून घेत नाहीस, दर वर्षी भांडतोस त्यावरनं. पोरीच्या उजेडाच्या वाटेत एक काच कायमची कशी चालते तुला?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पा काढायचे काय रात्रीची?" मी म्हटलं, "तूच ट्रायपॉड धरून उभा असायचास की. खिशात टाकायचे." "व्हय," म्हणाला, "सदऱ्याच्या वरच्या खिशात."

त्यानंतर त्यानं एक केलं. स्वस्तातली बिनलेपाची काच बदलून चांगल्या लेपाची आणायला तिला पैसे दिले. मापही त्यानंच लेन्सच्या कडेला वाचून कागदावर लिहून दिलं, ६७, आणि शेजारी मिलीमीटर असं लिहिलं. दुकानात गेल्यावर पोरीनं फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बघितला. त्यात ट्यूबलाइट पांढरीशुभ्र दिसली तर लेप नाही, गडद हिरवी किंवा जांभळट, मंद दिसली तर लेप आहे, एवढं मी तिला शिकवून पाठवलं होतं. तिनं दोन परत केले आणि तिसरा घेतला.

परवा आमच्या गावच्या गुऱ्हाळावर आम्ही तिघं पहाटे गेलो. चुलवाणात चिपाडं पडत होती आणि वाफेत सगळं अर्धं अर्धं दिसत होतं. भाची काच लावून काहिलीच्या अगदी कडेला वाकली होती, केसांवर वाफ, स्वेटरच्या बाहीवर काकवीचे दोन ठिपके. गुळव्या तिला "बाजूला हो गं पोरी" म्हणत होता आणि ती होत नव्हती. भाऊ दाराशी उभा राहून बघत होता. आदण उतरवून वाफ्यात ओतलं, वाफ कमी झाली आणि वरचा उघडा बल्ब, खाली वाफ्यात हलणारा सोनेरी रस आणि चुलीचं तोंड, सगळंच एकदम चित्रात आलं. ती थांबली, कॅमेरा खाली घेतला. "पप्पा, आता मी काढतो ती. बल्ब डबल येईल." भावानं हात पुढं केला. "माझ्याकडं दे. खिशात ठेवतो." त्यानं रुमालात काच गुंडाळली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशाकडं हात नेला. तिथं त्याची तंबाखू आणि चुन्याची डबी असते. "चुन्याजवळ नको रे ठेवू, ओरखडे पडतील," मी म्हटलं. त्यानं डबी काढून माझ्या हातात दिली आणि पोरीला म्हणाला, "काढ लवकर, रस थिजायला लागलाय."